खिडकीत भोला, आवाज गुरूचा





या वेळी आपण चक्क सिनेमावर बोलणार आहोत, आणि तोही हसण्याच्या सिनेमावर. सत्संगाच्या पत्रिकेत सिनेमा कशाला, असं काही ज्येष्ठांच्या मनात येईल. त्याचं असं झालं, सुट्ट्या लागल्या तेव्हा आपल्या ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं की मुलांना जवळ घेऊन बघता येईल, मध्येच रिमोट शोधायची वेळ येणार नाही, असा संगीताचा हसरा सिनेमा कोणता? पुष्कळ नावं आली. पण आजोबांनी, आयांनी आणि कॉलेजातल्या दादांनीही एकाच नावावर अंगठा दिला: ‘पडोसन’. मग बऱ्याच घरांत तो लागला. आमच्याकडे तीन कुटुंबं एकत्र बसली, पोहे आणि शेव मध्ये ठेवून. मुलं पोट धरधरून हसली. आणि सिनेमा संपल्यावर त्यांनी असे प्रश्न विचारले की मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ते प्रश्न ग्रुपवरही आले, दोन दिवस चर्चा चालली, आणि शेवटी ठरलं की यावर नीट लिहावं.

‘पडोसन’ १९६८ चा. दिग्दर्शक ज्योती स्वरूप, संगीत राहुल देव बर्मन यांचं, गीतं राजेंद्र कृष्ण यांची. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. भोला (सुनील दत्त) हा साधाभोळा तरुण. समोरच्या खिडकीत बिंदू (सायरा बानो) दिसते आणि हा भाळतो. बिंदूला गाण्याचं वेड. तिला शिकवायला एक दक्षिणी मास्तर येतात, मेहमूद. मास्तरांचाही तिच्यावर जीव. भोलाला तर सा कुठे आणि रे कुठे हे ठाऊक नाही. मग त्याचा मित्र, नाटक मंडळीचा म्होरक्या विद्यापती, म्हणजे आपले किशोरकुमार, युक्ती काढतो. सगळे त्याला ‘गुरू’ म्हणतात बरं का! हा गुरू मागे लपून गातो आणि भोला खिडकीत उभा राहून नुसते ओठ हलवतो. बिंदू त्या आवाजावर भुलते. पुढे मास्तर आणि ‘भोला’ यांची समोरासमोर जुगलबंदी होते, मास्तर हरतात, आणि आपण सगळे टाळ्या पिटतो.

आठवीतली एक मुलगी म्हणाली, “पण काकू, हे तर चीटिंग झालं ना?” आणि तिचा धाकटा भाऊ, जो सगळ्यात जास्त हसला होता, तो म्हणाला, “गाणं तर मास्तरलाच येत होतं. मग तो का हरला?”

बघा, किती सरळ प्रश्न आहेत.

ग्रुपवर दोन बाजू पडल्या. एका काकांचं म्हणणं, जिथे खोटं जिंकतं ते मुलांना दाखवूच नये. आधी संस्कार वर्गात सत्य बोला म्हणून शिकवायचं आणि घरी येऊन खोट्याला हसायचं, मुलांनी काय समजायचं? दुसरीकडे एका आजींनी लिहिलं की अहो, सगळ्याचा कीस कशाला पाडता, हसणं हेही औषध आहे, कृष्णाच्या खोड्या ऐकून आपण हसतोच की. आम्हाला दोघांचंही थोडं थोडं पटलं. पण दोघांच्या उत्तरात मुलांचा प्रश्न मात्र बाजूला राहिला. काकांच्या मते टीव्ही बंद केला की प्रश्नच उरत नाही, आणि आजींच्या मते हसलं की विसरायचं. मुलं तर विसरली नव्हती. म्हणून आपण त्या प्रश्नातच जाऊ.

पहिला प्रश्न: ही फसवणूक आहे का?

आहे. त्यात गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. पण मग आठवीतल्या मुलीचा दादा म्हणाला, की सगळा हिंदी सिनेमाच असा आहे! सुनील दत्त कुठे गातो? सायरा बानो कुठे गाते? आणि गंमत बघा, बिंदूला जेव्हा कळतं की भोलाचा आवाज उसना आहे, तेव्हा ती किती संतापते. पण याच सिनेमात बिंदू जे गाते, तो आवाज तरी तिचा कुठे आहे? ‘भाई बत्तूर’ गाणारी ती लता मंगेशकर, २८ सप्टेंबर १९२९ ला आपल्या इंदुरात, सिख मोहल्ल्यात जन्मलेली. म्हणजे उसन्या आवाजाची बिंदू उसन्या आवाजाच्या भोलावर रागावते. दादाचा मुद्दा बिनतोड होता. आमच्यातल्या एक-दोघी तर गप्पच झाल्या.

मग फरक कुठे आहे? फरक पाटीवर आहे. सिनेमा सुरू होताना नावं येतात, त्यात पार्श्वगायकांची नावं असतात. सायरा बानो कोणालाही सांगत नाही की हे मी गायलं. बघणारा आणि दाखवणारा दोघांनाही ठाऊक आहे की चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा. हा करार आहे. भोलाच्या खिडकीत असा करार नाही. तिथे बिंदूला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. उसनं घेणं दोन्हीकडे आहे. एकीकडे देणाऱ्याचं नाव उघड आहे, दुसरीकडे ते पडद्याआड दडवलं आहे.

आणि ही पाटी आपोआप लागलेली नाही. मुलांना आम्ही ‘महल’ची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना खरं वाटेना. १९४९ चा सिनेमा, खेमचंद प्रकाश यांचं संगीत, आणि लतादीदींचं ते ‘आयेगा आनेवाला’. गाणं देशभर गाजलं. पण त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव काय होतं? ‘कामिनी’. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव, जे मधुबालाने केलं होतं! म्हणजे गाणारी हाडामांसाची मुलगी कुठेच नाही, आणि जी मुळात नाहीच अशा पात्राचं नाव तबकडीवर. रेडिओवर लोक विचारायला लागले की हा आवाज कोणाचा, तेव्हा कुठे खरं नाव सांगितलं गेलं. लतादीदी तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. पुढे फिल्मफेअरच्या पुरस्कारांतही तेच. संगीतकाराला बक्षीस, गाणाऱ्याला काही नाही. त्यांनी तो आग्रह धरला, आणि १९५९ पासून पार्श्वगायनाला वेगळं बक्षीस सुरू झालं. पहिलं ‘मधुमती’मधल्या गाण्यासाठी त्यांनाच मिळालं. आज एवढ्या मोठ्या नावाकडे बघून वाटतं की हे सगळं सहज झालं असेल. पण एका तरुण मुलीने, घरात कमावणारी तीच असताना, मोठ्या मोठ्या कंपन्यांना म्हणायचं की माझं नाव लावा, यात काय लागत असेल!

इथे आपल्यासारख्यांना एक अडचण येते, आणि ती एका गुरुबंधूंनी ग्रुपवर अचूक मांडली. त्यांनी लिहिलं: आपण तर इतकी वर्षं ऐकतो आहोत की नावाचा मोह सोडा, ‘मी केलं’ हे सोडा, सेवा करावी ती कोणाला कळू न देता. मग नावासाठी भांडणं हे अध्यात्मात कसं बसतं? लतादीदींचं कौतुक करायचं आणि मुलांना मात्र निरहंकार शिकवायचा, हे कसं?

प्रश्न खरा आहे. यावर आमच्यात बराच वेळ बोलणं झालं, पोळ्या लाटता लाटता झालं, केंद्रात सतरंज्या घालतानाही झालं. आम्हाला जे उमगलं ते असं. स्वतःचं नाव सोडायचा अधिकार आपला आहे, कारण ते आपलं आहे. दुसऱ्याचं नाव सोडून द्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मी माझ्या हातच्या प्रसादावर नाव लावलं नाही तर ती सेवा. पण शेजारच्या वहिनींनी रात्री जागून केलेले लाडू मी ताटात मांडले आणि ‘कोणी केले’ म्हणून विचारल्यावर नुसती हसून उभी राहिले, तर तो निरहंकार म्हणायचा का? तिथे माझा अहंकार तर वहिनींच्या लाडवांवर पोसला जातोय. विद्यापती गुरू आपण होऊन मागे उभा राहिला, त्याने आपलं नाव सोडलं, ठीक आहे, मित्रासाठी केलं. पण भोलाने खिडकीत उभं राहून ती दाद घेतली, ते त्याने काय सोडलं?

आपल्या संतांकडे बघा ना. ज्यांनी ‘मी’ पार विरघळवला, त्यांच्या अभंगांत शेवटी नाव आहे. तुका म्हणे, नामा म्हणे. जनाबाई तर स्वतःचं नाव घेतानाही नामदेवांचं नाव आधी घेते, त्यांची दासी म्हणून. हा मोठेपणासाठी लावलेला शिक्का नव्हे. जे बोललं गेलं त्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात आहे. ज्ञानेश्वर माउलींनी नेवाशाला शके १२१२ मध्ये गीतेवर टीका सांगितली. वय ते किती! पण पानोपानी श्रेय कोणाला? निवृत्तिनाथांना. मी बोलत नाही, माझे गुरू बोलवून घेतात, हा भाव. म्हणजे तिथेही आवाज गुरूचाच आहे, आणि उभे माउली आहेत. पण माउली भोलासारखे नुसते ओठ हलवत नाहीत. ते दर थोड्या वेळाने मागे वळून दाखवतात की बघा, बोलणारे ते आहेत. आणि अजून एक, जे आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नव्हतं: ज्याने ती ओवी ओवी लिहून घेतली त्या सच्चिदानंदबाबांचंही नाव ग्रंथाच्या शेवटी आहे. लिहून घेणाऱ्याचंसुद्धा!

हे वाचताना आपल्या फोनकडे बघावं असं आम्हाला वाटलं. रोज सकाळी सुविचार येतात, कविता येतात, डॉक्टरांचे सल्ले येतात. खाली नाव नसतं. कोणीतरी कुठेतरी ते कापलेलं असतं, आणि खाली आपला ‘शुभ सकाळ, अमुक परिवार’ असा फोटो डकवलेला असतो. आणि याच्या उलटा रोग तर अजून वाईट. कोणीतरी स्वतः चार ओळी जुळवतो, आणि त्या चालाव्यात म्हणून खाली पु. लं.चं नाव, नाही तर एखाद्या संताचं, नाही तर आपल्या गुरुमाउलींचं नाव ठोकून देतो. मग तेच वाक्य बाकीचे श्रद्धेने पुढे पाठवतात. जे महाराज कधी बोललेच नाहीत ते महाराजांचं म्हणून शंभर घरांत जातं. हा तर भोलाच्याही पुढचा प्रकार झाला. भोलाने दुसऱ्याचा आवाज आपला म्हणून खपवला, इथे आपला आवाज गुरूचा म्हणून खपतो.

आणि हे फोन आल्यावर सुरू झालं असं नाही हो. ज्ञानेश्वरीत तीनशे वर्षांत लोकांनी आपापल्या ओव्या घुसवल्या होत्या. पैठणच्या एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये जुन्या पोथ्या ताडून ते सगळं शुद्ध केलं, आणि बजावून ठेवलं की यात कोणी आपली ओवी घालेल तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल. नाथांनी स्वतः केवढे ग्रंथ लिहिले! ओवी त्यांना काय जड होती? पण माउलींच्या ताटात आपलं वाढायचं नाही, हे त्यांनी पाळलं. आपल्या केंद्रात या महिन्यापासून ठरलं आहे की ग्रुपवर वचन टाकताना ते कोणत्या पुस्तकातलं किंवा कोणत्या दिवशीच्या प्रवचनातलं, हे लिहायचं. नसेल माहीत तर वचन म्हणून टाकायचं नाही, आपला विचार म्हणून आपल्या नावाने टाकायचा. दोन-चार दिवस ग्रुप जरा शांत शांत वाटला, ते असो.

मुलांच्या बाबतीत तर हे फारच जवळचं आहे. त्यांची ती रीलं बघा. गाणं दुसऱ्याचं, ओठ यांचे. त्यात काही पाप नाही, भोलासारखी मजा आहे. पण चौथीतला मुलगा निबंध फोनकडून लिहून घेतो, आणि वर्गात शाबासकी घेतो, तेव्हा तो खिडकीत उभा असतो. हे त्याला ‘पडोसन’ बघितल्यावर एका वाक्यात समजतं. “भोला झालास का रे?” एवढंच म्हणायचं. आमच्याकडे दोन घरांत हे वाक्य रुळलं आहे, आणि मुलंही ते आई-बाबांना परत म्हणतात. ऑफिसात कोणाचं काम कोणी आपलं म्हणून दाखवलं, कोणाच्या रेसिपीवर कोणी वाहवा घेतली, सगळीकडे. त्यांच्या नजरेतून आपण सुटत नाही, याची तयारी ठेवून सिनेमा लावावा.

सिनेमाच्या शेवटाबद्दल मात्र थोडं स्पष्ट सांगायला हवं. बिंदूला परत मिळवायला भोला जीव दिल्याचं नाटक करतो. गुरूचीच युक्ती. तिथे मुलं हसतात, आणि आम्हाला तिथे हसू आलं नाही. आवाज उसना घेणं ही एक खोडी होती, मरणाची भीती घालून होकार मिळवणं ही खोडी नाही. ज्यांच्या घरी तेरा-चौदा वर्षांची मुलं-मुली आहेत त्यांनी सिनेमा संपल्यावर हे नाव घेऊन बोलावं, की कोणी असं म्हणालं की ‘तू नाही म्हणालीस तर मी जीव देईन’, तर ते प्रेम समजायचं नाही आणि लगेच घरी सांगायचं. तेव्हा ते हसण्यावारी नेत. आता नेऊ नये.

आता धाकट्याचा प्रश्न. मास्तरला येत होतं, मग तो का हरला?

आम्ही सगळे हसलो ते मास्तरांच्या कशाला हसलो, हे जरा आठवून बघा. गाण्याला नाही. त्यांच्या बोलण्याला, हिंदीच्या उच्चाराला, शेंडीला, लुंगीला. मेहमूद यांनी ते काम झकास केलं आहे यात शंका नाही. पण तो माणूस रोज येतो, मन लावून शिकवतो, त्याचं गाणं खरं आहे, कष्टाचं आहे, आणि त्याची हिंदी जरा वेगळी म्हणून तो जोकर. हे आपल्याला, इंदूरच्या मराठी लोकांना, वेगळं समजावून सांगायला पाहिजे का? पुण्या-मुंबईकडच्या लग्नात आपण तोंड उघडलं की कोपऱ्यात खुसखुस होते. ‘मी चालली गेली होती’, ‘तो करून राहिला’, ‘भाजी फार चांगली बनली’. आपल्यामागे आपल्या बोलीच्या नकला होतात, कधी कधी समोरच होतात. होळकरांबरोबर आलेली घरं, दोन-अडीचशे वर्षं माळव्याच्या मातीत राहिली, त्यांच्या जिभेवर दोन्ही भाषा एकत्र नांदतात, यात हसण्यासारखं काय आहे? पण हसतात. आणि आपण कसनुसं हसतो. तेव्हा मास्तरांच्या ‘अय्यो’वर हसताना आपल्या आत कुठेतरी ते लग्न आठवलं पाहिजे.

आपल्या छत्रीबागेत तर वेंकटेशाचं मंदिर आहे. दक्षिणी पद्धतीची पूजा, ब्रह्मोत्सव, रथयात्रा. तेच उच्चार, तीच लुंगी, कपाळावर तेच गंध बघून आपली मुलं रस्त्यात हात जोडतात. सिनेमात तेच बघून हसतात. एका आईने हे तिच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “पण आई, तिथे ते गंमत नाही करत.” बरोबर आहे. त्यामुळे आम्ही एक प्रयोग केला. मुलांना सांगितलं की ती जुगलबंदी पुन्हा लावा आणि डोळे मिटून ऐका. उच्चार सोडा, नुसते सूर ऐका.

तेव्हा कळतं ते काय आहे. मास्तरांचा आवाज मन्ना डे यांचा. काका के. सी. डे यांच्याकडे शिकलेले, पुढे उस्तादांकडे बसून तालीम घेतलेले. समोर किशोरकुमार. ४ ऑगस्ट १९२९ ला खंडव्यात जन्म, आपल्या इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकले, आणि गाण्याची शास्त्रोक्त तालीम अशी घेतलीच नाही. (त्यांच्या उधारीची गोष्ट इंदुरात सगळ्यांना पाठ आहे. कॉलेजच्या कँटीनवाल्याचे पाच रुपये बारा आणे देणं राहिले होते, आणि तोच आकडा पुढे ‘चलती का नाम गाडी’च्या गाण्यात आला, असं सांगतात. म्हणजे उधारीसुद्धा त्यांनी नाव न लपवता गायली!) तर शिकलेल्याने न शिकलेल्यासमोर हरायचं, असा तो प्रसंग. मन्नादांना हे सुरुवातीला जड गेलं असं सांगतात. का नाही जाणार? आयुष्यभर ज्याची साधना केली त्यातच हरायचं, तेही देशासमोर, तेही लोकांनी हसावं म्हणून. पण गायले. आणि असे गायले की हरणारी बाजू काढून टाकली तर गाण्यात काही उरत नाही. किशोरदांची सगळी मस्ती मन्नादांच्या पक्क्या सुरांवर उभी आहे. भिंत भक्कम असली तरच चेंडू उसळतो ना.

आणि याच मन्नादांवर बारा वर्षांपूर्वी उलटी वेळ आली होती. १९५६ चा ‘बसंत बहार’. तिथे मन्नादांना नायकासाठी गायचं होतं आणि जिंकायचं होतं, समोर हरणारे कोण? पंडित भीमसेन जोशी! मन्नादा घाबरून गेले होते, पळून जावं असं वाटत होतं, आणि पत्नीने समजूत घातली म्हणून उभे राहिले, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. (त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई केरळच्या.) भीमसेनजींना त्या हरण्याने काय कमी झालं? आणि त्याच्याही आधी, १९५२, ‘बैजू बावरा’. बैजू आणि तानसेन यांची जुगलबंदी, त्यात बैजू जिंकतो. बैजूचा आवाज दत्तात्रेय विष्णू पलुस्करांचा. तानसेनाचा, म्हणजे हरणाऱ्याचा आवाज कोणाचा? उस्ताद अमीर खाँ साहेबांचा. आपल्या इंदुरात वाढलेले, ज्यांच्या गायकीला जग इंदूर घराणं म्हणतं, ते. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात होते. खाँ साहेब पलुस्करांपेक्षा वयाने मोठे, मानाने मोठे. गोष्टीला धाकट्याचा विजय हवा होता, तर थोरला हरला. हरताना एकही सूर हलका लावला नाही.

मुलं इथे अगदी गप्प ऐकत होती. आजकाल टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत सहा-सात वर्षांची पोरं ‘बाहेर’ पडली की रडतात, आई-बाप रडतात, परीक्षकही रडतात, आणि त्यावर संगीत वाजवतात. आपल्या घरातही गॅदरिंगला दुसरा नंबर आला की तोंडं उतरतात. आम्ही त्यांना उपदेश काही केला नाही. तिन्ही गाणी ओळीने लावली, आणि प्रत्येक वेळी विचारलं, यात हरणारा कोणता, ऐकून ओळखा. एकालाही ओळखता आलं नाही, चित्र बघितल्याशिवाय. धाकट्याने तर ठामपणे सांगितलं की बैजू बावरामध्ये तानसेन जिंकला. आम्ही सांगितलं की नाही रे, तो हरला. तो म्हणाला, “मग चुकीचं दाखवलंय.”

त्याला काय सांगणार? आम्ही हो म्हटलं.

ज्यांना हे घरी करून बघायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. सिनेमा मध्ये थांबवून शिकवायचं नाही. त्याने हसण्याचाही बोजवारा उडतो आणि शिकवण्याचाही. मुलं हसत असतील तिथे आपणही मोकळेपणाने हसावं, तोंड वाकडं करून बसू नये. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, ताटावर किंवा गाडीत, आणि शक्यतो त्यांनीच विचारल्यावर. आणि सुरुवातीची नावं येतात ती पळवू नका. सगळी वाचायची, मोठ्याने वाचायची. आमच्याकडे लहानांना आता तो खेळच झाला आहे, कोण आधी वाचतो.

गुरुपौर्णिमेनंतरच्या रविवारी बालमेळावा आहे, आणि मुलांनी हट्टाने ‘एक चतुर नार’ बसवायला घेतलं आहे. पहिल्या दिवशी मास्तर व्हायला कोणी तयार नव्हतं, सगळ्यांना गुरू व्हायचं होतं, भोलाला तर कोणी विचारेना. आता मास्तरसाठी तिघं भांडतायत. उच्चाराची नक्कल करायची की नाही यावर त्यांच्यातच वाद झाला. मग एकदा नक्कल न करता म्हणून बघितलं, नुसते सरगम आणि हातवारे. तरी सगळे हसले, म्हणून तसंच ठरलं. तालीम शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, केंद्राच्या वरच्या खोलीत. पेटी आहे, तबला कोणाकडे असेल तर आणावा. मोठ्या मुलाला बसेल अशी पांढरी लुंगी आणि एक लाकडी खिडकीची चौकट हवी आहे. ज्यांच्याकडे जुन्या वाड्याची निघालेली खिडकी पडून असेल त्यांनी कळवावं, मेळाव्यानंतर परत पोचवू. आणि खिडकीवर कोणाच्या घरची ते लिहून देऊ.